लाखांदूरच्या दालानातलं उलटं फूल

एक फूल उलटं होतं. होतं तर होतं! कोणाच्या डोळ्यात सलत होतं? अख्ख्या दालानात बाकीची सारी फुलं सरळ बसली होती ना, मग त्या एकाच्या मागे लागायची काय गरज होती? आणि केलं सरळ, तर निदान ते कुठं होतं एवढं तरी कोणी ध्यानात ठेवायचं! इवाई, म्हणजे माझे व्याही, एक जागा दाखवतात, इहीण दुसरी, माझी पोरगी तिसरीच. राहत्या घरातली रोज पायाखालची जागा, आणि कोणाला धड सांगता येत नाही. मी विचारलं तर मलाच म्हणतात, "इहीणबाई, तुम्ही लय भेता."

हो, भेते. का, ते नीट सांगते.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी: मी लाखनीची. हायवेला लागून आमचं तर्री-पोह्याचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत. बोलते मी, टाइप करते माझी सून रोशनी. दुकानातून सवड मिळाली की मी कुठं ना कुठं जाते आणि आल्यावर इथं लिहिते. ह्या वेळेस जुन्या फुलाच्या फरश्यांबद्दल लिहायचं ठरवलं होतं. माझी पोरगी शीतल लाखांदूरला दिली आहे. तिचे सासरे, म्हणजे माझे इवाई नामदेवराव, सरकारी नोकरीतून रिटायर झाले तेव्हा त्यांनी तिथलं एका धानाच्या व्यापाऱ्याचं जुनं घर विकत घेतलं. त्या घरातली फरशी त्यांनी आता दुरुस्त करून घेतली, आणि येत्या रविवारी शीतलच्या लेकराचं नामकरण आहे. इवायांचा फोन आला, "फरशी पाहाले या, तुमच्या मोबाईलमध्ये लिहा तिच्यावर. आणि कामाले हात लावा." म्हटलं, दोन्ही होईल.

सोमवारी सकाळी निघाले. लाखनीहून साकोली, साकोलीला गाडी बदलून लाखांदूर. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे स्वतःची गाडी काढायच्या भानगडीत पडू नका. साकोलीच्या स्टँडवर आलुबोंडा खा, पण समोर तळला असेल तरच. पुढचा रस्ता बरा आहे. मधात एक तुकडा असा की पाठीचा मणका न् मणका वेगळा होतो, तिथं मागच्या सीटवर बसू नका. धान निघून गेलेलं. बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवंगार उभं होतं, आणि दोन ठिकाणी मळणी चालू होती. त्याचा भुसा खिडकीतून डोळ्यात आला तेवढाच त्रास. लाखांदूरपर्यंत मी अगदी मजेत होते. हे मुद्दाम सांगते, कारण परत येताना मी तशी नव्हते.

आता फरशी. खोटं कशाला बोलू, पाहून तोंडात बोट गेलं. रस्त्याकडच्या अंगणातून दारात शिरलं की लांबच लांब दालान. लाल जमिनीवर पिवळट कमळ, देठासकट, कडेनं काळी वेल. प्रत्येक फरशीवर एक कमळ, देठ रस्त्याच्या बाजूला आणि तोंड घराच्या आत. चालणारा जणू कमळांसोबत आत जातो. लग्नाच्या वेळेस हीच फरशी मळकट, काळपट पाहिली होती. चार ठिकाणी फुटलेली, एका कोपऱ्यात तर नुसतं सिमेंट थापलेलं.

ज्यांच्या घरी अशी फरशी आहे त्यांच्यासाठी सांगते. तिचा रंग वरच्या पातळ थरातच असतो, दुधावरच्या सायीसारखा. घिसाईची मशीन लावली की साय गेली. ॲसिड टाकलं तर त्याहून वाईट. इवायांनी आधी एकाला बोलावलं होतं, त्यानं कोपऱ्यात बाटली ओतली, आणि तिथली कमळं अजून कोड फुटल्यासारखी दिसतात. मग नागपूरहून दुसरे मिस्त्री आणले. त्यांनी साध्या साबणानं, स्पंजनं, हातानं घासली. फुटक्या फरश्यांचे सांधे आरीच्या पात्यानं मोकळे केले, छन्नी घालून एक एक फरशी उचलली, पाडलेल्या एका घरातून तशाच जुन्या मिळवल्या आणि चुना-रेतीवर बसवल्या. शेवटी जवसाचं तेल फिरवलं. त्या तेलाचा वास अजून दालानात आहे.

"पाहा," इवाई म्हणाले, "हर एक फूल सरळ."

मी पाहत गेले आणि मध्येच थांबले. "अवो, इथं एक उलटं होतं ना? लग्नात मीच म्हटलं होतं, मिस्त्री झोपेत होता का म्हणून."

"होतं. काढून सरळ बसवलं. नजरेचं फूल म्हणत त्याले जुने लोक. व्यापाऱ्यानं मुद्दाम उल्टं बसवलं असंल, कोणाची दृष्ट नको म्हणून. आपण धम्मदीक्षा घेतलेल्या घरचे लोक, इहीणबाई. आपल्या घरात नजर-बिजर नाही चालत."

मीही तशाच घरची. लिंबू-मिरची मी दुकानाला बांधत नाही. मान हलवली आणि पुढची कमळं पाहू लागले.

तेवढ्यात इहीण, म्हणजे शीतलची सासू सुमनबाई, चहा घेऊन आल्या. सरळ चालत येता येता एकदम बाजूला वळल्या, पुन्हा सरळ झाल्या. मी म्हटलं, "कंबर धरली का?" त्या म्हणाल्या, "नाही बाप्पा. काहून?" ही गोष्ट लक्षात ठेवा. मी विसरले होते.

भीती मंगळवारी सुरू झाली. दुपारची वेळ. पंगतीसाठी पाण्याचा भरला ड्रम आत घ्यायचा होता. शीतल आणि मी तो तिरपा करून, बुडाच्या कडेवर फिरवत दालानातून नेत होतो. बाळ तिथंच उन्हाच्या चौकोनात गोधडीवर पडलं होतं. ड्रम गड गड गड येत होता आणि एका जागी आवाज बदलला. ढब्ब. माझ्या तळपायाला खालून धक्का बसला. भिंतीतल्या कोनाड्यातली काचेची बाटली किणकिणली.

"आई, काहून थांबली?"

"बाळ उचल."

"अवो पण काय झालं?"

"पहिले उचल, मग विचार!"

मी मुसळ आणलं आणि ठोकत निघाले. कुठं टक, कुठं ढब. टक, टक, ढब. इवाई धावत आले. "अवो फोडता का फरशी? जुन्या फरशीखाली चुना सुटते, पोकळ वाजतेच. मिस्त्रीनं सांगून ठेवलं मले. उलट ते उल्टं फूल काढलं तवा खाली मोठा दगड लागला. एकदम मजबूत. मंग कायचं भेव?"

खरंच ढब पुष्कळ ठिकाणी वाजत होतं. ड्रमवाली जागा कोणती तेही मला पुन्हा सापडेना, कारण पाहावं तिकडं तेच कमळ, तसंच कमळ. मी थोडी नरमले. पण सुमनबाई दाराला धरून उभ्या होत्या, त्यांचा चेहरा उतरला होता.

"ते कौसाबाई सांगून गेली होती," त्या हळूच म्हणाल्या. "शेठाकडे जिंदगीभर कामाले होती ते. आपण घर घेतलं तवा चाबी द्यायले आली, तर म्हणे, उल्ट्या फुलावर उखळ नका ठेवजा, आणि पंगत बसवली तर तिथलं पान सोडजा. मले वाटलं देवाचं काही असंल. मी इतके वर्स पायही नाही देला तिथं."

"बस झालं!" इवाई ओरडले. "देवाचं म्हणे! म्हणूनच तर काढलं मी ते."

"पान सोडजा म्हणजे काहून?" मी विचारलं. "देव बसते का जेवायला?"

ते फूल नेमकं कुठं होतं हे तेव्हाच मी सगळ्यांना विचारलं, आणि तिघांनी तीन जागा दाखवल्या. सुमनबाई म्हणाल्या आतल्या दाराजवळ, इवाई म्हणाले खिडकीच्याही अलीकडे, शीतल म्हणाली पार त्या भिंतीकडे. लग्नाचे फोटो काढले. सगळ्यांचे चेहरे, हार, सूटबूट. फरशीवर सतरंजी. मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, एवढ्या फरश्या काढल्या, दगड कुठं लागला ते आता कोण ध्यानात ठेवते."

कौसाबाई आता लेकीकडे राहते, मोहाडी तालुक्यात, करडीला. मी म्हटलं उद्याच जाते. इवाई म्हणाले, "जा, तुमच्या लेखाले मसाला भेटंल." शीतलला मी बजावलं, बाळाला दालानात आणायचं नाही. ती हो म्हणाली, पण घरात ऊन फक्त तिथंच येतं आणि थंडीचे दिवस आहेत. मला माहीत होतं ती आणणार.

बुधवारी लाखांदूरहून साकोली, लाखनी, भंडारा, आणि भंडाऱ्याहून करडीची गाडी. आपल्याच गावावरून गाडी पुढं गेली आणि मी दुकानाकडे पाहिलंसुद्धा नाही. करडीला जाणाऱ्यांनी सकाळची गाडी धरावी, परतीची विचारून ठेवावी आणि जेवण बांधून घ्यावं. मी यातलं काहीच केलं नाही. सारा रस्ता ते ढब्ब पायात वाजत होतं. शीतलला फोन लावत होते, रेंज येई आणि जाई. नदीवरून गाडी गेली तेव्हा लोक खिडकीतून वैनगंगा पाहत होते, मी पाहिली नाही. खाली पाणी आहे एवढ्या विचारानंच मी समोरच्या सीटची दांडी धरली.

करडीत घर लगेच सापडलं. कौसाबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. सुरकुतलेली, पण आवाज खणखणीत. मी कोण, कुठली, सगळं सांगितलं. तिनं पहिलाच प्रश्न केला.

"उल्टं फूल हाये ना जागेवर?"

"सरळ केलं, मावशी."

सूप थांबलं. "कोनं?"

"माझ्या इवायानं."

"लय शिकलेला हाये का?"

"हाव."

"मंग बरोबर." तिनं सूप खाली ठेवलं. "इहीर हाये बाई तिथं. शेठाच्या बापाच्या वक्तची. घर वाढवलं, दालान पुढं आणलं, इहीर आत आली. दगडं टाकून झाकली आणि वरतून फरशी केली. मी कामाले लागली तवा झाकूनच होती. मोठी शेठानी म्हणे, कौसा, उल्ट्या फुलावर वजन नको देजो."

विहीर! मी तिच्या आणखी जवळ सरकले. "बुजवली होती, मावशी, की नुसती झाकली?"

"ते मले काय माहीत? मी का उतरून पाह्यलं? पण पावसाळ्यात झाडू मारता मारता खाली वाकली का डुबुक डुबुक आयकू ये. पोट्ट्यांनो, इकडं नका खेळू म्हणून मी झाडू घेऊन मांगं लागत होती."

"बरं, ती जागा दारापासून किती दूर? भिंतीपासून किती? अंदाज सांगा."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी येडी आहे. "दूर-गिर कोण पाहते बाई? फूल होतं ना!"

मी तिथंच ओट्यावर बसले. खरंच, कशाला कोण मोजेल? खूण डोळ्यासमोर होती. त्या खुणेला कोणी दृष्टीचं म्हटलं, कोणी देवाचं, कोणी मिस्त्रीची चूक. मी स्वतः लग्नात तिला हसले होते.

कौसाबाईनं चहा दिला, सोबत मुरमुरे. जाताना म्हणाली, "तुमच्या इवायाले सांगजा, फूल सरळ केलं, आता इहीर सरळ कराची राह्यली."

परतीच्या गाडीत मला दगड आठवला. एकदम मजबूत! अवो, तो दगड म्हणजे झाकण! त्याच्याखाली भरीव माती आहे की मोकळा खड्डा, हे वर उभं राहून कोणाला कळणार? आणि रविवारी त्या झाकणावर पंगत. सगळं सोयरंधायरं मांडीला मांडी लावून बसणार, वाढणारे भाताची घमेली घेऊन मधून पळणार, लेकरं उड्या मारणार. मला शेजारची बाई म्हणाली, "तुम्हाले उलटी होऊन राहिली का? खिडकीजवळ बसा."

लाखनीला उतरले, घरी न जाता दुकानातल्या बाकावरूनच इवायांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारीच्या गोष्टीवर सारं दालान खोदू का? कुठून सुरू करू? हर एक फूल फोडू? पंगत होऊ द्या, मग पाहू."

"पंगत अंगणात घ्या."

"अंगणात नाही," ते म्हणाले. "इहीणबाई, माझा बाप धानाची पोती घेऊन ह्या दारात येत होता. पोतं दारातून आत टाकायचं आणि अंगणात उभं राहायचं. अंगणातच पाणी, तेही वरून ओतलेलं. त्या दालानात माझे लोक जेवतील. अंगणात नाही."

माझाही बाप कोणाच्या तरी अंगणात उभा राहिलाच असेल. ते हट्टी आहेत, पण ह्या बाबतीत त्यांचं खोटं नाही. फोन ठेवला. रोशनीनं चहा आणून दिला, बाकावरच्या गिऱ्हाइकाला वळसा घालून. ते पाहिलं आणि मला सुमनबाई आठवल्या. चहा घेऊन सरळ येता येता वळल्या होत्या. रिकाम्या दालानात! कंबर दुखत नव्हती त्यांची. इतकी वर्षं ज्यावर पाय दिला नाही, त्यावरून त्यांचा पाय जातच नव्हता. डोळ्याला फूल दिसत नव्हतं, पण पायाला ठाऊक होतं.

तोवर अंधार पडला होता. गुरुवारी उजाडताच मी शीतलला फोन केला. "घरात तांदळाचं पीठ आहे?"

"आहे. काहून?"

"चाळणीनं दालानभर भुरभुर. पातळ. सासूला काही सांगू नको. विचारलं तर म्हण, तेलाचा चिकटपणा काढून राहिली. मग तिकडच्या टोकाला बस आणि चहा माग. पाणी माग. काहीही माग."

"अवो आई, सासूले मी चहा मागू?"

"आज माग. उद्या मी माफी मागते तुझ्या वतीनं."

गिऱ्हाईक येत होतं, रोशनी पोहे देत होती आणि मी मोबाईल धरून बसले होते. हायवेवरून ट्रक गेला की बाक हलायचा आणि माझा जीव वर यायचा. मग फोटो आला.

पांढरं दालान, त्यात पावलं. सुमनबाईंची लहान पावलं दारापासून सरळ येतात, एका जागी वळसा घेतात, पुन्हा सरळ होतात. जाताना तसंच. पुन्हा येताना तसंच. मधात एक जागा कोरी, पिठाला बोटही न लागलेलं. आणि त्या कोऱ्या जागेच्या काठाला, उन्हाच्या चौकोनात, गोधडीचा कोपरा.

शीतलला लगेच फोन केला. ती रडत होती. म्हणाली, आई, उचललं, उचललं, आता आतल्या खोलीत आहे. जावईबापू शनिवारी पुण्याहून येतात, त्यांना काय सांगू म्हणाली. म्हटलं, तोवर मी सांगते सगळ्यांना.

म्हणून हे लिहिलं. फरशी सुंदर आहे, ते कोणी नाकारत नाही. दुरुस्तही झकास झाली. कोणाच्या घरी जुन्या फरशीत एखादं फूल, एखादी वेल, एखादा रंग चुकल्यासारखा असेल तर हात लावायच्या आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि त्याची जागा भिंतीपासून मोजून ठेवा. माझ्याकडे ह्या ट्रिपचं एवढंच उरलं आहे. झोपायला पडले की पाठीखालची जमीनसुद्धा मी आधी हातानं ठोकून पाहते.

आणि इवाई, हे रोशनी तुम्हाला पाठवते आहे, पूर्ण वाचा. दालानात पंगत नको असं मी म्हणत नाही. दालानातच घ्या, तुमच्या बापाच्या नावानं घ्या, मी स्वतः वाढायला येते. पण आधी ती एक जागा उघडा, आत काय आहे पाहा, मुरूम टाकून गच्च भरा. बाकीची कमळं हलवायची गरज नाही, जागा सापडली आहे. फार तर नामकरण पुढं जाईल. लेकराला आम्ही तोवर बाळच म्हणू.

तो फोटो पुन्हा नीट पाहा. त्यात मोठी पावलंही आहेत, सकाळी पेपर घ्यायला दाराकडे गेलेली. घरात दुसरा पुरुष माणूस नाही, ती तुमची आहेत. तुम्ही काही मानत नाही, पण तीही वळली आहेत.

उघडता की नाही, मला हो किंवा नाही ऐकायचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागायच्या आत. "पाहू" हे उत्तर मी धरणार नाही. फोन आला नाही तर शनिवारच्या पहिल्या गाडीनं मी लाखांदूरला उतरते, लेक आणि नातवाला घेऊन येते, आणि आमच्या पाहुण्यांतला एकही माणूस त्या दालानात पाय ठेवणार नाही.

शुक्रवार, इवाई. मी दुकानातच बसून आहे.